संक्रांतीची उडी

माझ्या अंगात कधी कुणी आलं नव्हतं. मला दमा नव्हता आणि मिरगीही नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण सासरच्या गावातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्या अजूनही माझ्या नातसुनांना कौतुकानं सांगतात की तुमच्या आजेसासूला तापीतल्या आसरांनी धरलं होतं आणि भगतानं सोडवलं. आसरा म्हणजे आमच्याकडच्या पाण्यातल्या देवता. नातसुना भीत भीत माझ्याकडे बघतात. सांगून सांगून माझी जीभ झिजली, आता एकदा लिहून बघते.

माझं माहेर ब्राह्मणपुरीच्या शिवारात. तिथली नदी म्हणजे पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि पुढे वाळूच वाळू. त्यामुळे आमचं पोहणं सगळं विहिरीतलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलगा नव्हता. विहिरीत घागर पडली, मोटेचा दोर तुटला की कुणीतरी खाली उतरायला लागायचंच. तेव्हा त्यांनी मलाच पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची जोडी बांधून, कमरेला दोर लावून पाण्यात सोडलं. पोरीला कशाला असलं शिकवता, असं भाऊबंद म्हणाले. आबा म्हणाले, विहिरीवर राहणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे, मग तो पोरगा असो की पोरगी. दुसऱ्या वर्षी भोपळे सुटले, तिसऱ्या वर्षी मी मोटेच्या चाकाजवळून उडी मारायला लागले आणि आबा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ती उडी दाखवायला लागले.

आमच्या विहिरीची एक गंमत नदीकाठच्या माणसाला कधीच पटत नाही. पौषात पहाटे मोट सुरू झाली की थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यातून वाफ निघायची. वर सातपुड्याकडून येणारा वारा अंगावर काटा आणायचा आणि पाण्यात शिरलं की गोधडीत शिरल्यासारखं ऊबदार वाटायचं. खोल जमिनीतलं पाणी ते, त्याला वरच्या थंडीशी काही देणंघेणं नसतं. थंडी वाजली की मी सरळ विहिरीत उडी मारायची. हिवाळ्यात पाणी कोमट असतं, हे मला चुलीत हात घातला की भाजतो इतकंच पक्कं ठाऊक होतं. सगळी भानगड ह्या ठाऊक असण्यामुळे झाली.

लग्न वैशाखात झालं. सासर प्रकाशाच्या अलीकडे, अगदी तापीच्या काठाला. नदी मी रोज बघत होते, पण नवी नवरी म्हणून मला घराबाहेर फारसं जाऊ देत नव्हते. आंघोळ घरातल्या न्हाणीत, ऊन पाण्याची. बाकीच्या बायका मात्र कार्तिकापासून रोज नदीवर जात. त्या रोजच्या जाण्याचं मला तेव्हा काहीच महत्त्व वाटलं नव्हतं.

त्या घरची एक रीत होती. नवी सून पहिल्या संक्रांतीला पहाटे नदीवर जाऊन तांब्याच्या कलशात धारेचं पाणी आणते आणि त्या पाण्यानं घरचे देव न्हातात. काठाजवळचं साचलेलं पाणी चालत नाही, वाहत्या धारेचंच हवं. बहुतेक सुना सासूचा हात धरून छातीइतक्या पाण्यात जात, हात लांब करून कलश बुडवत आणि कुडकुडत परत येत. मला हसू आलं. मला स्वयंपाक बेताचा यायचा, शिवण तर यायचंच नाही. सासरी दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं आणि ते दाखवायची वेळ आपोआप चालून आली होती.

त्या दिवशी काठावर निम्मं गाव जमलं होतं. अंगाला तिळाचं वाटण लावून बायका पाण्यात उतरत होत्या. सासूबाईंनी हात पुढे केला.

"हळू उतर, माय. मन्हा हात धर."

"ऱ्हाऊ द्या आत्या, माले पोहता येस."

मी कासोटा घट्ट केला, कलश एका हातात धरला आणि डोहावरच्या खडकावरून धावत जाऊन उडी मारली.

पुढे काय झालं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. पाणी थंड लागलं, असं वाटलंच नाही आधी. सगळ्या अंगाला एकदम चटका बसला. आणि मी न घेता माझा श्वास आत ओढला गेला. कुणीतरी माझ्या छातीत बसून तो ओढावा तसा. डोकं अजून पाण्याखालीच होतं, त्यामुळे श्वासाबरोबर पाणी गेलं. वर आले तर खोकला, आणि खोकल्याच्या मध्येही श्वास आतच येतोय, आतच येतोय, बाहेर सोडता येत नाही. इतका भराभर की एकातून दुसरा सुटत नव्हता. काळीज कानात धडधडत होतं. छातीला कुणी पट्टा आवळला होता. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही, कारण आवाजाला बाहेर जाणारा श्वास लागतो. कलश कधी सुटला ते कळलं नाही. हातपाय पोहणं विसरले नव्हते, पण श्वासाशिवाय ते तरी काय करणार? नुसतं पाणी चोपत होते.

आणि माझ्या नशिबाची थट्टा बघा. श्वास परत ताळ्यावर यायला लागला होता. मी उताणी होऊन तरंगायच्या बेतात होते. अजून थोडा वेळ कुणी मध्ये पडलं नसतं तर मी धारेपर्यंत जाऊन आले असते आणि हे सगळं घडलंच नसतं. पण नेमका तेव्हाच नाववाल्यानं बांबू पुढे केला, दोघीतिघींनी दंडाला धरलं आणि मला फरफटत काठावर काढलं.

काठावर तर आणखी शोभा झाली. बोटं आखडून वाकडी झाली होती, पदर धरता येईना की गाठ मारता येईना. दातावर दात आपटत होते. सगळं अंग असं हलत होतं की मी आवरायला गेले की आणखी हलायचं. त्यात लघवीची अशी घाई लागली की मी सगळ्यांना ढकलून झुडपामागे पळाले. भर गर्दीत नवी नवरी झुडपामागे पळते, ह्याला काय म्हणायचं ते गावानं लगेच ठरवून टाकलं.

"मिरगी शे हिले. बोटं दखा कशी वाकडी व्हयनी."

"मिरगी नही वं, दमा शे. श्वास दखा तिना."

सगळ्यांत म्हातारी होती ती काठी टेकत पुढे आली. "आसरास्नी धरी लिधं तिले. नवी नवरी, आनि भर डोहमा उडी टाकनी!"

सासूबाईंनी मला घोंगडीत गुंडाळून घरी आणलं. घरी शेकोटीजवळ बसल्यावर तोंडातून शब्द निघायला लागले तशी मी म्हटलं, आत्या, मला काही झालेलं नाही, पाणी थंड होतं.

"पानी थंडं व्हतं हाई माले बी माहीत शे. पौषमा ते थंडंच ऱ्हास. आम्ही बठ्ठ्या न्हायनूत, कोनले काही व्हयनं का?"

खरंच कुणाला काही झालं नव्हतं.

दुपारी आबा बैलगाडीनं आले. पहिल्या संक्रांतीचं तिळवण घेऊन येतात तसे, नवा फेटा बांधून, हसत. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि सरळ विचारलं.

"याही, खरं सांगा. पोरले दमाना नही ते मिरगीना तरास व्हता का?"

मी आत दाराआड उभी होते. आबा दुखावले, आणि माणूस दुखावला की जास्त बोलतो.

"दमा? याहीनबाई, पौषमा भल्या पहाटे मन्ही पोर विहिरमा पोहस. तिना आंगवर काटा बी येस नही!"

"काटा बी येस नही?"

"नही. थंडी वाजनी म्हनजे ती विहिरमाच जास."

मी दाराआड कपाळावर हात मारून घेतला. बिचाऱ्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता, आणि त्या खऱ्यानंच माझा घात केला. जी पोरगी माहेरी पौषात पहाटे खुशाल पोहते, तिचा सासरच्या पाण्यात श्वास अडकतो, तर मग दोष थंडीचा कसा? एक तर बाप लपवतोय, नाहीतर पोरीला इथल्या आसरांनी धरलंय. तिसरं काही असू शकतं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात येईना.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांचा एक दीर मिरगीनं शेतातल्या विस्तवात पडून गेला होता, त्याची धास्ती त्यांनी आयुष्यभर घेतली होती. त्यांनी भगताला बोलावलं. त्यानं माझ्या मनगटाला गाठी मारलेला काळा दोरा बांधला. मग त्यांनी आबांना सांगून टाकलं.

"माघनी पुनीले परत नदीवर जावानं. तवय बी असंच व्हयनं ते पोरले संगे लई जा. आमले दुसरी सोयरीक दखनी पडी."

म्हणजे माझा संसार आता एका बुडीवर येऊन ठेपला होता. आणि नुसता माझा नाही. दुखणाईत पोर लपवून खपवली, हे नाव आबांच्या कपाळाला कायमचं लागणार होतं. निघताना आबांनी मला गाडीजवळ बोलावलं. दुपारचा नवा फेटा आता त्यांच्या डोक्यावर कसातरी दिसत होता.

"बाई, माले तरी खरं सांग. कधी असं व्हयेल व्हतं आनि तू लपाडं का?"

मला राग आला. सगळ्या जगानं विचारावं, पण आबांनी?

"आबा, तुमनी विहीर कोमट शे आनि हाई नदी थंडी शे. बस, इतलंच शे!"

"पानी ते पानीच ऱ्हास, बाई," ते म्हणाले आणि गाडीत बसले. ते जन्मात विहिरीखेरीज कशातही उतरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गावविहिरीची एक बादली आणि नदीची एक बादली शेजारी शेजारी आणून ठेवली. सासूबाईंना म्हटलं, दोन्हींत हात घाला. त्यांनी घातला. ह्यांनाही, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घालायला लावला.

"हाई कोमट, ती थंडी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग?"

"मंग तेच ते, आत्या! माले थंडं पानी माहीत नव्हतं."

"थंडा पानीमा न्हायनं ते थंडी वाजस. श्वास काबरं अडकी?"

हे यजमान नदीकाठावर जन्मले, वाढले. त्यांनी नुसती मान डोलावली, आणि ती माझ्या बाजूनं डोलावली की आईच्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बादल्या मी तिथेच ओतून दिल्या. बोंबलून सांगितलं तरी उपयोग नव्हता, कारण श्वास का अडकला ते मलाच धड माहीत नव्हतं.

मग ते मी शोधायचं ठरवलं. नवी नवरी असूनही धुणं नेण्याचं काम मागून घेतलं. सासूबाईंना ते बरं वाटलं, निदान कामाला तरी हात लावतेय. मी रोज उजाडताच बाकीच्या बायकांच्या आधी घाटावर जायची. पहिल्या दिवशी पाय बुडवले, मग पोटऱ्या, मग मनगटांवर आणि मानेवर पाणी घेतलं आणि खडकाला धरून गळ्यापर्यंत बसले. आला! तोच हिसका, तसाच श्वास आत. पण ह्या वेळी डोकं वर होतं आणि मी त्याची वाट बघत होते. मी फुंकणीनं चूल फुंकतात तसा श्वास बाहेर फुंकत राहिले. मनात एक ओवी धरली. ती दुसऱ्यांदा म्हणून होईतो छातीचा पट्टा सैल झाला होता. तेवढंच होतं ते! जात्यावर मूठभर दाणे दळून व्हायच्या आत जाणारी गोष्ट, आणि त्यावर हे लोक माझी सोयरीक मोडायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी हिसका आला, पण जरा कमी. पुढे तर रोज कमी कमी होत गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ह्या बायकांना काही का होत नाही. कार्तिकापासून पाणी रोज थोडं थोडं गार होत गेलं आणि त्यांची अंगं त्याच्याबरोबर सरावत गेली. मी न्हाणीतल्या ऊन पाण्यातून उठून थेट पौषातल्या डोहात पडले होते. हातांचं मात्र काही सुधारलं नाही. पाण्यात जास्त वेळ राहिलं की बोटं आखडायचीच, लुगडं पिळता यायचं नाही. तेव्हा जे करायचं ते बोटं चालतात तोवर करायचं, हेही मी ठरवून ठेवलं. भगताचा दोरा धुण्यात भिजून कातडी सोलायचा. एक दिवस दगडावर घासून तोडला आणि दिला पाण्यात सोडून. वर बांगड्या सारल्या, दोरा नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माघातली पुनव आली. घाटावर संक्रांतीपेक्षा जास्त गर्दी, कारण ह्या वेळी बघण्यासारखं काहीतरी होणार होतं. आबाही आले होते. सगळ्यांपासून लांब, फेटा काढून हातात धरून उभे होते. भगत खडकावर बसून पुटपुटत होता.

मी पळाले नाही, उडी मारली नाही. पायऱ्यांवरून हळूहळू उतरले. मनगटं भिजवली, मान भिजवली, गळ्यापर्यंत पाण्यात थांबले आणि श्वास फुंकत राहिले. हिसका आला, अगदी लहान, आणि गेला. मग मी हात टाकला. डोह ओलांडून सरळ मधल्या धारेत गेले, कलश भरला, तो एका हातानं वर धरून परत आले. अशी त्या घरातली कुठलीही सून कधी गेली नव्हती. काठाला लागले तेव्हा मला आतून इतकं हसू फुटत होतं की आवरेना. आता बोला म्हणावं!

सासूबाई धावत पाण्यात आल्या, मला पोटाशी धरलं आणि हुंदके देत म्हणाल्या, "सुटनी! मन्ही माय सुटनी! दोरा पावना!"

मी कलश खाली ठेवला, बांगड्या मागे सारल्या आणि रिकामं मनगट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"दोरा नहीच शे! कवयच तोडी टाका मी. मी रोज अठे पानीमा बसनू, रोज! म्हनीसन श्वास अडकना नही!"

मग ती काठीवाली म्हातारी दोन्ही हात जोडून म्हणाली, "दखा, दोरा आसरास्नी सोताच लई लिधा. मानलं तिस्नी!"

आणि गलका झाला. बायकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. भगताला नारळ मिळाला, कोंबडी मिळाली, आणि त्यानं ते अशा थाटात घेतलं जणू हे असंच होणार हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी ओरडत होते, तुम्ही ऐका तरी, अहो ऐका तरी! कुणी ऐकेना. हे यजमान जवळ आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे ना. बठ्ठा आनंदमा शेतस. तू कसाले भांडस?"

मी माझा संसार वाचवला होता. आबांचं नाव वाचवलं होतं. आणि एवढं सगळं करून मी बरी झालेली बाई ठरले होते, म्हणजे आधी आजारी असलेली. चडफडून माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर बायका म्हणाल्या, बघा, पोरीला आसरांची आठवण येतेय.

गर्दी ओसरली तसे आबा पुढे आले. आता एक माणूस होता ज्याला मी पटवून देऊ शकत होते. त्यांनी माझं पोहणं बघितलं होतं, आणि माझं पोहणं त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण त्यांनी आधी सासूबाईंसमोर फेटा ठेवला. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला माहीत नव्हतं, पदरात घ्या, असं म्हणाले. जे कधी घडलंच नव्हतं त्याची माफी मागत होते. सासूबाईंनी फेटा उचलून परत त्यांच्या हातात दिला. मग आबांनी मला घाटाच्या कडेला नेलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"बाई, आते पानीमा जावानं नही. नदीमा नही, विहिरमा बी नही."

"आबा, माले काहीच व्हयेल नव्हतं! तुम्ही दखं ना, मी धारलगून गयू!"

"दखं. एक डाव सोडी दिधं तिस्नी. दुसरे खेपे सोडतीन नहीत." त्यांनी माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "मन्ही आन घे."

सासूचा, भगताचा, त्या काठीवालीचा मला तेव्हा काडीचाही राग उरला नव्हता. सगळा राग आबांवर होता. मला पाण्यात सोडणारे तेच, आणि भीतीनं थरथरणारेही तेच. नाही म्हणावं असं ओठांवर आलं. पण ते रडत होते, आणि मी त्यांना त्यापूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं. पाण्यानं माझी बोटं अजून बधिर होती. त्यांच्या डोक्यावर हात होता, पण केस हाताला लागत नव्हते.

मी त्यांची शपथ घेतली. पुन्हा कधी पोहले नाही.